पाढे हवेतच, पण…

‘कल्पनाशक्तीचे लाड पुरे, आधी पाढे पाठ करून घ्या’ हे गेल्या अंकातले पत्र वाचले. पाढ्यांबद्दल वाद नाही. एकोणतिसापर्यंत येऊ देत. पण कल्पना ही पाठांतरानंतरची चैन, हे पटत नाही.

भूमितीच्या पहिल्याच तासाला आम्ही फळ्यावर खडूचा ठिपका काढतो आणि सांगतो, बिंदूला लांबी-रुंदी नसते. समोर तर चांगला हरभऱ्याएवढा पांढरा डाग! तो बाजूला सारून डोक्यात बिंदू उभा करायला मुलाकडे कल्पनेखेरीज आहे काय? उणे तीन तरी कुणी हातात धरून पाहिलेत? हे ज्याला जमले नाही ते पोर व्याख्या घडाघडा म्हणते आणि पहिल्या प्रमेयाशी अडते.

पत्रलेखकांनी बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक भाबडे ठरवले आहे. (पुन्हा चाळावे ही विनंती.) त्यातला मास्तर चौथीच्या वर्गाला गोष्टी सांगतो, गोंगाटाबद्दल बोलणी खातो, पण त्या गोष्टींवरूनच मुलांना वाचनाकडे नेतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे 1945 साली बोर्डी गावात बालशिक्षणाचे काम सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती; शंख-शिंपले, बिया, खडे यांवर त्यांनी मोजणी शिकवली. ही कल्पनाशक्ती शिक्षकाची. पत्रात तिचा उल्लेखच नाही.

वेळ पुरत नाही, ही पत्रातली तक्रार मात्र खरी आहे. पण तिचे मूळ व्याख्येला दोन गुण देणाऱ्या प्रश्नपत्रिकेत शोधावे.

— एक गणित शिक्षिका, पालघर