विश्लेषण : क्रोशाची बाहुली ‘ट्रेंड’मध्ये, पण विणणारीच्या हातात किती?

क्रोशाने विणलेला बेडूक, कधीच न सुकणारी लोकरीची सूर्यफुले, चहाच्या किटलीला घातलेले स्वेटर, जुन्या जीन्सची झोळी, आईच्या साडीचे जॅकेट. मोबाइलवर रील पाहणाऱ्याला यातले काही ना काही रोज दिसते. वापरलेल्या वस्तू स्वस्तात मिळवणे म्हणजे ‘थ्रिफ्ट’ आणि त्यांतून नवे काही घडवणे म्हणजे ‘अपसायकलिंग’, अशी त्याची नावे. मराठी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला हेच ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाने करून घेत आणि आईस्क्रीमच्या काड्यांचे घर पुढे वर्षभर शोकेसमध्ये राही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे नगरपंचायतीचे गाव आहे. अशा गावात क्रोशाची सुई चालवणारे हात पूर्वीपासून आहेत आणि आता हातात फोनही आहे. त्यामुळे ‘घरबसल्या कमवा’ असे सांगणारी रील इथल्या मुलीला अगदी आपल्यासाठीच वाटते. ती कमाई प्रत्यक्षात किती, हे पाहण्यासाठी आधी या कामाची रीत समजून घ्यावी लागते.

यात नवे काय आहे?

वस्तू नवी आहे, रीत जुनी. जुनी लुगडी, धोतरे आणि साड्या एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवली की गोधडी होते. विदर्भ-मराठवाड्यात तिला वाकळ म्हणतात, वऱ्हाडात ‘वाकय’ असाही उच्चार ऐकू येतो. वर सर्वांत धड साडी, आत विटलेली, कडेला काठाची पट्टी. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या अंथरुणासाठी जुने, धुऊन मऊ झालेले सुतीच हवे, हा आग्रह आजही आहे. कापड जुने असणे हा तिथे कमीपणा नसून गुण मानला जातो.

हौशी, गमतीदार विणकामाचे मराठी घर म्हणजे रुखवत. लोकरीचे पोपट, मण्यांची गाय, क्रोशाचे तोरण, दिवाणावरची जाळीची चादर आणि टीव्हीवर टाकायचा रुमाल. यातली निम्मी वस्तू उपयोगाची नसे, ती बघणाऱ्याला हसवण्यासाठी आणि मुलीचा हात दाखवण्यासाठी असे. जपानी पद्धतीने क्रोशात विणलेल्या छोट्या बाहुल्यांना आज ‘अमिगुरुमी’ म्हणतात. रुखवतातला लोकरीचा ससा त्यांचा सख्खा भाऊ नसला तरी चुलतभाऊ नक्की आहे.

जुन्या मालाचा बाजारही आपल्याकडे दारातच होता. जुने कपडे घेऊन स्टीलचे पातेले देणारी बोहारीण आणि ‘आणखी एक पँट टाका ताई, मग डबा देते’ ही घासाघीस कोणत्याही थ्रिफ्ट पेजच्या कमेंटपेक्षा चुरशीची असे. या धंद्यातल्या बऱ्याच बाया मूळ गुजरातच्या वाघरी समाजातल्या. गोळा केलेले कपडे दुरुस्त करून, धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकायचे. फाटलेले पुसण्यासाठी चिंध्या म्हणून कारखान्यांना द्यायचे. दिल्लीतल्या रघुबीरनगरमध्ये याच मालाचा मोठा बाजार भरतो.

मग लाट आत्ताच का?

करोनाच्या टाळेबंदीत लोक घरात अडकले आणि सुया बाहेर निघाल्या. २०२० मध्ये गायक हॅरी स्टाइल्सने जे. डब्ल्यू. अँडरसन या ब्रँडचा रंगीत ठिगळांचा कार्डिगन घातला आणि जगभरच्या मुलींनी तो घरी विणून त्याचे व्हिडीओ टाकले. मागणी पाहून ब्रँडने त्याचा नमुना सर्वांसाठी खुला केला आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तो कार्डिगन आपल्या संग्रहात घेतला. भारतात त्याच सुमारास इन्स्टाग्रामवर थ्रिफ्टची पाने वाढली. आजीच्या हातचे म्हणून जे विशीतली मुलगी घालायला लाजत असे, तेच आता ती पैसे देऊन मागवते.

क्रोशा मशीनवर का होत नाही?

कमाईचा सगळा हिशेब या तांत्रिक प्रश्नावर उभा आहे. दोन सुयांच्या विणकामात टाक्यांची एक अख्खी ओळ सुईवर उघडी असते आणि पुढची ओळ तिच्यातून काढली जाते. हे ठरावीक क्रमाचे काम असल्याने प्रत्येक टाक्याला एक सुई देणारे यंत्र बनवता आले. बाजारातले बहुतेक स्वेटर आणि टी-शर्टचे कापडही अशाच यंत्रांवर होते. क्रोशात मात्र एका वेळी साधारण एकच फास जिवंत असतो. सुई मागच्या विणीत कुठेही खुपसता येते, एकाच जागी पाच खांब घालता येतात, मध्येच वळून गोल फिरता येते. साखळी, मुका खांब, खांब एवढ्या थोड्या टाक्यांत बेडकाचा डोळा आणि सशाचा कान तयार होतो तो या मोकळीकीमुळे. ही मोकळीक यंत्राला मोठ्या उत्पादनात अजून जमलेली नाही. ‘क्रोशा मशीन’ नावाचे यंत्र असते, पण त्यावर निघते ती लेस आणि पट्टी. तिची वीण वेगळी.

म्हणून दुकानात दिसणारा ‘क्रोशा’ टॉप एक तर क्रोशासारखी दिसणारी यंत्राची जाळी असते, नाही तर खरोखर कोणीतरी बसून विणलेला असतो. तो खरा असेल आणि किंमत फारच कमी असेल, तर ती कपात कुठून झाली हे शोधायला लांब जावे लागत नाही. कापसाला भाव आहे, वाहतुकीला भाव आहे, भाड्याला भाव आहे. दबण्यासारखे उरतात ते तास.

जुना स्वेटर उसवून लोकर मिळते का?

मिळते, पण सगळ्यांतून नाही. थ्रिफ्टमधून स्वस्त लोकर काढण्याचा सल्ला देणारे व्हिडीओ नेमके हेच सांगत नाहीत. स्वेटर उलटा करून बाजूची शिवण पाहावी. दोन कडा साध्या दोऱ्याने जोडलेल्या असतील तर तो दोरा सोडला की पाठ, पोट, बाह्या वेगळ्या होतात आणि वरच्या टोकाकडून अखंड धागा निघत जातो. शिवणीला ओव्हरलॉक मारलेला असेल तर विणलेले कापड कापूनच शिवलेले असते. तिथे प्रत्येक ओळीला तुकडा हाती येतो आणि त्यातून फार तर गोंडे होतात. गरम पाण्यात धुऊन घट्ट झालेली खरी लोकर तर उसवतच नाही.

उसवलेला धागा कुरळा असतो. पूर्वी घरोघरी खुर्चीच्या पाठीवर किंवा कोणाच्या तरी पसरलेल्या हातांवर त्याची लडी करत (हे हात बहुधा घरातल्या सर्वांत आळशी मुलाचे असत), ती ठिकठिकाणी सैल बांधून धूत आणि खाली वजन अडकवून वाळवत. मग धागा सरळ होई.

धागा खरी लोकर आहे का, हे तपासायला छोटा तुकडा चिमट्यात धरून सावधपणे पेटवावा. जळक्या केसांचा वास आला आणि ज्योत बाजूला नेताच तो विझला, तर लोकर. वितळून कडक काळा मणी झाला, तर ॲक्रिलिक. छोट्या गावांत दुकानदार ज्याला ‘लोकर’ म्हणून देतो ते बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असते, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक. हाताने विणायच्या अशा धाग्याचे मोठे ब्रँड लुधियानाचे. कापसाच्या जिल्ह्यात बाहुली विणायची तर धागा पंजाबातून, तोही पेट्रोलियमपासून केलेला, ही गंमत बोचरी आहे. यवतमाळात कापडाचा मोठा उद्योग नाही असेही नाही. रेमंड-यूको हा डेनिमचा कारखाना इथेच आहे. कोणाच्या तरी जीन्सच्या झोळीचे कापड मूळ याच जिल्ह्यातून गेलेले असू शकते.

टाकलेले कपडे शेवटी जातात कुठे?

‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतात दरवर्षी सुमारे ७७.९३ लाख टन कापडकचरा जमा होतो. त्यातला साधारण ५१ टक्के घराघरांतून, ४२ टक्के कारखान्यांतून आणि ७ टक्के परदेशातून येतो. यातला काही भाग पोहोचतो पानिपतला. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते. कापडाच्या जगात ते शहर चिंध्यांसाठी ओळखले जाते. तिथे कपडे रंगांप्रमाणे वेगळे करतात, फाडून त्यांचे तंतू करतात आणि पुन्हा सूत काततात. या सुताला ‘शॉडी’ म्हणतात. ही पद्धत इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये काढली. पूर-भूकंपानंतर वाटल्या जाणाऱ्या स्वस्त ब्लँकेटमध्ये बरेचदा हेच सूत असते.

परदेशातले वापरलेले कपडे जसेच्या तसे आणायला परवाना लागतो. फाडून निकामी केलेल्या चिंध्या मोकळेपणाने येतात. कांडलाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात जुने कपडे वर्गवारी करून पुन्हा निर्यात करणारे कारखाने आहेत. म्हणून ‘इम्पोर्टेड थ्रिफ्ट’ असे लिहिलेले जॅकेट घेताना ते आले कोणत्या वाटेने, हे विक्रेत्याला विचारायला हरकत नाही.

तांड्यावरच्या भरतकामाचे काय?

उमरखेड, पुसद, दिग्रस हा बंजारा वस्तीचा पट्टा. फेटिया आणि कांचळीवरचे आरसे, कवड्या, नाणी आणि दाट भरतकाम हे मुळातच तुकडे जोडून केलेले काम आहे. जुना फेटिया झिजला तरी त्यावरचे भरतकाम टिकते. व्यापारी ते तुकडे विकत घेतात, त्यांच्या पिशव्या, उशांचे अभ्रे होतात. गोव्यात हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात परदेशी पर्यटक अशा पिशव्या कित्येक वर्षांपासून घेत आले आहेत. थ्रिफ्ट हा शब्द आपल्याकडे रुळण्याआधीची ही थ्रिफ्ट.

कर्नाटकातले संडूर, म्हणजे घोरपड्यांचे जुने संस्थान, इथे मात्र या कामाला संघटनेची जोड मिळाली. संडूर कुशल कला केंद्राच्या कामातून तिथल्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले. जुलै २०२३ मध्ये हंपीतल्या जी-२० बैठकीच्या वेळी तिथल्या साडेचारशेहून अधिक कारागीर स्त्रियांच्या १,७५५ नमुन्यांच्या प्रदर्शनाची गिनीज बुकात नोंद झाली. मानांकन हे ठरावीक प्रदेशापुरते असते. त्यामुळे नाते सांगता आले तरी उमरखेडच्या तांड्यावरची बाई तिच्या पिशवीवर संडूरचे नाव लावू शकत नाही.

हिशेब कसा बसतो?

रोजगार हमीचा २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागले तर तासाला ३९. कौशल्य न लागणाऱ्या कामाचा हा दर आहे, म्हणून तो आपण किमान पट्टी धरू. समजा एक बाहुली विणायला सहा तास आणि धागा, कापूस, डोळे मिळून ४० रुपये लागले. मजुरीचे २३४ धरून तिची किंमत २७४ झाली. आता ती २५० रुपयांना ‘फ्री डिलिव्हरी’ने विकली आणि कुरिअरचे ६० गेले, तर हातात उरतात १५०, म्हणजे तासाला २५. दिवसाला २००. यात फोटो काढणे, ‘प्राइस प्लीज’ला उत्तरे देणे आणि डब्यात बांधणे यांचे तास धरलेलेच नाहीत.

हे आकडे आपले मांडलेले आहेत, प्रत्येकीचे वेगळे निघतील. पण बहुतेक जणी ते मांडतच नाहीत, कारण रुखवतापासून हे काम ‘फावल्या वेळातले’ मानले गेले. फावला वेळ फुकट, असे घरातल्या पुरुषांप्रमाणे खुद्द विणणारीलाही वाटते. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाचे यात सोयीस्करपणे फावते.

जीएसटीने काही फरक पडला?

थोडा, आणि दोन्ही बाजूंनी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ॲक्रिलिकसारख्या कृत्रिम सुतावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. कपडे आणि सुती रजई यांना नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्स मंचावरून माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर, सक्तीची नोंदणी करावी लागत नाही. ढाणकीतून स्वतः विकणाऱ्या बाईला त्यामुळे कराचा थेट त्रास कमी.

अडचण येते ती शहरातल्या नोंदणीकृत बुटीकला माल देताना. हाताने दाट दोरे घातलेल्या गोधडीला ७० तास लागले, तर रोजगार हमीच्या दरानेच मजुरी २,७३० रुपये होते. म्हणजे दुकानाचा नफा धरण्याआधीच ती १८ टक्क्यांच्या घरात जाते. दुकानदार मग किंमत २,४९९ वर ठेवायला बघतो, आणि कापड तर गिऱ्हाइकाचीच जुनी साडी असते. उरलेली तडजोड दोऱ्याच्या अंतरावर होते. बोटभर अंतरावरचे टाके चार बोटांवर जातात, किंवा तेच टाके निम्म्या पैशांत घातले जातात. गोधडी विकत घेताना उलटून दोन ओळींतले अंतर पाहिले, तर यातले काय झाले ते बरेचसे कळते.