आधी गाडी थांबवा

वरंध घाटात वाघजाईच्या देवळाजवळ भज्यांच्या टपऱ्या आहेत. पावसाळ्यात भोरकडून महाडकडे निघालेला बाइकवाला तिथे थांबल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये मीही थांबलो होतो. समोर दरी आहे हे फक्त माहीत होतं, दिसत काहीच नव्हतं. हातात चहा होता. एकदम वारा सुटला, धुकं फाटलं आणि खाली वळणावळणाचा रस्ता दिसला. त्याच वाऱ्यानं टपरीच्या निळ्या ताडपत्रीचा कोपरा उडाला. टपरीवाल्या मावशी एका हातात झारा तसाच धरून दुसऱ्या हातानं ताडपत्री पकडायला धावल्या, आणि मागून एका माकडानं कणसांच्या टोपलीत हात घातला. दरी, ताडपत्री, मावशी, माकड, सगळं एकाच चौकटीत.

माझा कॅमेरा तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर होता. वर बंजी दोरी, तिच्याखाली रेनकव्हर, त्यात सॅक, सॅकमध्ये कॅमेऱ्याची बॅग, बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा आणि लेन्सवर झाकण. तो हातात येईपर्यंत धुकं परत भरलं, ताडपत्री बांधून झाली आणि माकड कणीस घेऊन झाडावर बसलं. मग मी भज्यांच्या प्लेटचा फोटो काढला. त्या सहलीचे चारशेच्या वर फोटो माझ्याकडे आहेत. निम्म्यांत माझी गाडी कुठल्या ना कुठल्या डोंगरासमोर उभी आहे.

म्हणून बाइकवर फिरणाऱ्या आणि फोटोंची हौस असणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. आधी थांबायला शिका, आणि थांबायचा कंटाळा येणार नाही असंच सामान घ्या. मेगापिक्सेलचं नंतर बघू.

थांबणं वाटतं तितकं सोपं नसतं. गाडीला लय लागलेली असते, ग्रुप पुढे गेलेला असतो आणि मन म्हणत असतं, ‘पुढे याहून भारी जागा मिळेल.’ बहुतेक वेळा मिळत नाही. मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: एकाच गोष्टीकडे दुसऱ्यांदा मान वळली, की थांबायचं. पण म्हणजे दिसलं तिथे करकचून ब्रेक मारायचा नाही. वळणावर, तुटक्या कठड्याशी किंवा दरडीच्या खाली गाडी लावायची नाही. पुढे रुंद, सरळ जागा बघा, मागच्याला इंडिकेटर द्या, साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, कारण पावसाळ्यात कडेची माती स्टँड गिळते. मग चालत मागे या. ती दोनशे पावलं वाया जात नाहीत. गाडीवरून एका क्षणात मागे गेलेला ओढा चालताना तीन-चार बाजूंनी दिसतो, आणि पुष्कळदा खरा फोटो त्या वाटेतच सापडतो.

चालत्या गाडीवर मोबाइल हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांशी तर वादच नको. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं गाडी चालवताना मोबाइल हातात धरून वापरणं थेट धोकादायक वाहनचालनात घातलं आहे. शिवाय तसा काढलेला फोटो दहातल्या नऊ वेळा हललेला असतो.

आता सामान. कॅमेरा घ्यायला दुकानात जाल तेव्हा हेल्मेट आणि हातमोजे बरोबर न्या. दुकानदार हसेल, हसू दे. फुल फेस हेल्मेट घाला आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बघा. लागत नाही, हनुवटीचा भाग आधी आपटतो. म्हणजे प्रत्येक फोटोला हेल्मेट काढणं आलं, आणि हेल्मेट काढायचं म्हटलं की आपण थांबतच नाही. म्हणून बाइकवाल्यानं वर-खाली वळणारा स्क्रीन असलेला कॅमेरा घ्यावा. तो छातीशी धरून वाकून बघता येतो. मग हातमोजे चढवून चालू-बंदचं बटण आणि चकत्या फिरवून पाहा. सगळा कारभार टचस्क्रीनवर असेल तर ओल्या मोज्यांत तो कॅमेरा मुका होतो. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तोही घालून बघा, काही कॅमेऱ्यांचा स्क्रीन विशिष्ट कोनात काळाठिक्कर दिसतो. हे तीन प्रयोग कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा जास्त शिकवतात.

नवीन काही घ्यायचं नसेल तर खिशातल्या फोनवर वर्षभर खुशाल शिका. फक्त तो हँडलच्या होल्डरवर लावून शेकडो किलोमीटर नेऊ नका. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून आजच्या बहुतेक चांगल्या फोनमध्ये लेन्स किंवा सेन्सर हलता ठेवलेला असतो, आणि इंजिनची सततची थरथर त्या नाजूक यंत्रणेला मानवत नाही. मोठ्या इंजिनच्या मोटारसायकलवर आयफोन लावू नका, अशी सूचना ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच काढली होती. नकाशा बघायचाच असेल तर जुना फोन लावा, किंवा निदान थरथर शोषणारा होल्डर घ्या.

फोनच्या पुढे जायचं असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे जॅकेटच्या खिशात मावणारा एक इंच सेन्सरचा छोटा कॅमेरा. नाव एक इंच असलं तरी त्याचा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, पण बऱ्याच फोनच्या सेन्सरपेक्षा तो मोठाच. दुसरी वाट मिररलेसची. यात एपीएस-सी आकाराचा, म्हणजे साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा सेन्सर बाइकवाल्याला पुरेसा आहे. ३६ बाय २४ चा फुल फ्रेम उत्तमच, पण त्याच्या लेन्सही वजनदार असतात, आणि तीनशे किलोमीटरनंतर तेच वजन ‘जाऊ दे, आता कुठे काढायचा’ म्हणायला लावतं. लेन्स एकच ठेवा, १८-१३५ सारखी झूम. रस्त्याच्या कडेला लेन्स बदलणं म्हणजे ट्रकच्या धुळीला सेन्सरचं आमंत्रण. ॲक्शन कॅमेरा चालत्या गाडीवरच्या व्हिडिओसाठी छान, पण त्याची रुंद लेन्स समोरचा सह्याद्री टेकडीएवढा करून टाकते.

जुना कॅमेरा घेत असाल तर लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात, ती फार लवकर धरते. घरी कॅमेरा चामड्याच्या बॅगेत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. तांदूळ टाकू नका, त्याची भुकटी फटींत जाते.

गाडीवर कॅमेऱ्याची जागा म्हणजे टाकीवरची टँक बॅग. ती डोळ्यांसमोर असते आणि तिची चेन एका हातानं उघडते. चुंबकाची घेणार असाल तर टाकी पत्र्याची आहे ना ते आधी बघा, प्लास्टिकच्या आवरणावर चुंबक चिकटत नाही. आत जाड फोम घाला आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवा. मागचा टॉप बॉक्स सोयीचा वाटतो, पण खड्ड्यांचे सगळ्यात जास्त दणके तिथेच बसतात आणि लेन्सचे बारीक स्क्रू ढिले होतात. कॅमेरा गळ्यात अडकवून गाडी चालवू नका. पडलात तर तो छातीत घुसेल किंवा पट्टा मानेला आवळेल. पाठीवरच्या सॅकमध्ये मणक्याशी कडक वस्तू ठेवणंही तितकंच वाईट.

लडाखला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादाची बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा. आणि बाहेरच्या गारठ्यातून उबदार खोलीत जाताना कॅमेरा पिशवीत बंद करून न्या, नाहीतर त्याच्यावर दव धरतं. कोकणात उलटं होतं. रात्रभर एसीत ठेवलेला कॅमेरा सकाळी बाहेर काढला की लेन्स धुरकट होते. तो बॅगेत बंदच राहू द्या आणि बाहेर पडायच्या अर्धा तास आधी बॅग एसीतून बाहेर आणून ठेवा.

आता फोटो काढायचं थोडं. पहिलं काम, लेन्स पुसा. मोबाइलच्या अर्ध्या धुरकट फोटोंचं कारण बोटाचं तेल असतं. दुसरं, कॅमेरा फसतो कुठे ते ओळखा. त्याला समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं करायचं असतं. म्हणून पांढरं धुकं मळकट येतं आणि काळी गाडी चौकटभर घेतली की मागचं आभाळ जळून जातं. धुक्यात आणि धबधब्यासमोर एक्स्पोजर +०.७ ते +१ करा, काळी गाडी चौकटभर असेल तर तितकंच उणे. फोनवर बोटानं फोकस धरून तेच बोट वर-खाली सरकवा. तिसरं, पावसाळी आभाळ नुसतं पांढरं असेल तर ते चौकटीबाहेर ठेवा. त्याच ढगांमुळे जमिनीवर मऊ, बिनसावल्यांचा उजेड पडलेला असतो, आणि ओला कातळ, शेवाळ, भाताच्या खाचरांसाठी त्याहून चांगला उजेड नाही. कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर लावून फिरवलात तर ओल्या पानांवरची चमक जाते आणि खालचा हिरवा रंग वर येतो. मात्र तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो, तेव्हा शटर किती खाली आलंय त्याच्यावर लक्ष ठेवा.

गाडीचा फोटो काढायला माझी हरकत नाही, सगळ्या जगात ती एकच आपली असते. पण उभ्या-उभ्या काढू नका. गुडघ्यावर बसा, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आणा, हँडल थोडं कॅमेऱ्याकडे वळवा, आरशातून विजेचा खांब उगवलेला दिसतोय का ते बघा. आणि प्रत्येक थांब्यावर गाडीचा एक फोटो झाला की तिच्याकडे पाठ करून पाच काढा: एक लांबचा, एक मधला, एक अगदी जवळचा, एक माणसाचा, एक आलेल्या रस्त्याचा. पूर्वी फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो असायचे. दिवसाला तेवढेच काढायचे असं एकदा ठरवून बघा, बटण दाबायच्या आधी आपोआप विचार होतो.

माणसांचे फोटो विचारून काढा. आधी चहा प्या, दोन शब्द बोला, मग विचारा. नाही म्हणाले तर नाही. आणि ‘पाठवतो हं फोटो’ असं म्हणालात, तर पाठवा.

लडाखची वाट बघू नका. येत्या रविवारी घरापासून वीस किलोमीटरवर जा, तीनदा थांबा, प्रत्येक ठिकाणी पाचच फोटो काढा. घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर बघा आणि एकच ठेवा. असे चार रविवार झाले की कुठला कॅमेरा घ्यायचा हे मला विचारावं लागणार नाही.

वरंधच्या मावशींचा फोटो मी पुढच्या पावसाळ्यात काढला. माकड नव्हतं, धुकंही बेताचंच होतं, पण झारा होता आणि भज्यांच्या वाफेतून त्या हसत होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी त्याची प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी हात पदराला पुसले, प्रिंट उजेडाकडे धरली आणि बराच वेळ निरखली.

“ताडपत्री फाटकी दिसतेय की हो यात,” त्या म्हणाल्या. “आता नवी घातलीय. परत काढा.”

कॅमेरा टँक बॅगेत होता.