ब्रह्मानंद पंगतीतही असतो

भरपेट जेवून उठलेला माणूस म्हणतो, ‘आज अगदी ब्रह्मानंदी टाळी लागली!’ आणि ऐकणाऱ्या एखाद्या जाणकाराच्या कपाळाला आठी पडते. त्याचे म्हणणे असे, की ब्रह्मानंद हा समाधीतल्या योग्याचा अनुभव. तो शब्द मोदकाला, आमरसाला किंवा गाण्याच्या मैफलीला लावला की त्याचे पावित्र्य जाते. इंद्रियांचे सुख क्षणाचे, ब्रह्मसुख अखंड. दोन्हींना एकच नाव कसे द्यायचे? शिवाय असा शब्द उठसूट वापरला की तो झिजतो. ऐहिक गोष्टींसाठी ‘मजा’, ‘सुख’, फार तर ‘हर्ष’ पुरेसा आहे.

हा आक्षेप भाषेच्या प्रेमापोटी येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

आधी पावित्र्याचा मुद्दा. ज्या उपनिषदाने आनंदाची सविस्तर मीमांसा केली, त्या तैत्तिरीयातच पाहू. तिथे आनंद मोजायला घेतला आहे आणि मोजणीची सुरुवात माणसापासून आहे. तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट माणूस आणि धनधान्याने भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची. त्याला होणारा आनंद हे एक माप. मग मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती असे चढत चढत, दर पायरीला शंभरपट होत, दहाव्या गुणाकाराला ब्रह्माचा आनंद येतो. एकावर वीस शून्ये! अंतर अफाट आहे, हे मान्यच. पण माप तेच आहे. माणसाचा आनंद हलका किंवा विटाळलेला असता, तर ऋषींनी ब्रह्मानंद मोजायला तो हाती धरला असता का?

याच उपनिषदात आनंदमय कोशाला पक्ष्याचे रूप दिले आहे. प्रिय हे त्याचे डोके, मोद उजवा पंख, प्रमोद डावा पंख, आनंद हे धड आणि ब्रह्म हे ज्यावर तो तोलून राहतो ते शेपूट. हाच ‘मोद’ आपल्या मोदकाच्या नावात आहे. तांदळाच्या उकडीची पारी, आत ओला नारळ आणि गूळ, वेलदोड्याचा वास. वाफाळता मोदक पानात येतो, त्याचे नाक मोडून आत तुपाची धार सोडली जाते आणि बोलणारी पंगत एकाएकी गप्प होते. भृगू ब्रह्माचा शोध घेत निघाला तेव्हा त्याला पहिल्यांदा अन्न हेच ब्रह्म वाटले. पुढे तो आनंदापर्यंत पोचला, तरी अन्नाची निंदा करू नये हे व्रत म्हणून त्याच उपनिषदात सांगितले आहे.

कलेचेही तेच. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावला तो जेवणाच्या दाखल्याने: नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न रसिक जसे चाखतात, तसा प्रेक्षक नाट्य चाखतो. आणि चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने साहित्यदर्पणात काव्यरसाला ब्रह्मास्वादाचा सहोदर, म्हणजे सख्खा भाऊ म्हटले. वारकरी तर आणखी पुढे गेले. कीर्तनाच्या सप्ताहाची सांगता होते ती दही-लाह्यांच्या काल्याने, आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाल्यावरच पालख्या परतीला लागतात. देव तिथे घास वाटून खाणाऱ्यांत बसलेला असतो.

आता क्षणभंगुरतेचा मुद्दा. तैत्तिरीयाने दुसऱ्या पायरीपासून प्रत्येक पायरीवर एक अट पुन्हा पुन्हा सांगितली आहे: हा आनंद कामनेचा मार न बसलेल्या ज्ञात्यालाही मिळतो. म्हणजे इंद्राचा आनंद मिळवायला इंद्रपद लागत नाही, हाव सुटावी लागते. मग आनंदाची जात ठरते ती चाखणाऱ्याच्या मनावरून. मैफलीत तान फिरून अचूक समेवर येते आणि मान आपसूक हलते, त्या क्षणी ‘आणखी हवे’ नसते आणि ‘मी ऐकतोय’ हेही नसते. ‘टाळी लागणे’ याचा अर्थच मुळी तंद्री लागणे, स्वतःचा विसर पडणे. तो विसर घटकाभराचा असला, तरी खोटा ठरत नाही.

राहिला शब्द झिजण्याचा मुद्दा, आणि इथे आक्षेपकांचे थोडे खरे आहे. थाळीच्या जाहिरातीत ‘ब्रह्मानंद’ छापलेला असतो, सत्काराच्या भाषणात दर दोन वाक्यांनी ‘अत्यानंद’ होतो. पण तिथे चूक ऐहिकतेची नाही, घाईची आहे. अनुभव यायच्या आधीच शब्द उच्चारला जातो. ब्रह्मानंद कुणाला आगाऊ कबूल करता येत नाही. ज्याला झाला त्याने, झाल्यावर म्हणायचे असते.

म्हणून माझा आग्रह असा: हा शब्द सोवळ्यात बांधून ठेवू नका, आणि बाजारातही मांडू नका. हाव थांबली आणि ‘मी’ विसरला गेला, तर निमित्त मोदकाचे असो, तानेचे असो की दिंडीतल्या फुगडीचे, बेलाशक ‘ब्रह्मानंद’ म्हणा. साध्या माणसांच्या तोंडी राहिला म्हणूनच हा शब्द मराठीत जिवंत आहे. पोथीत कोंडला, तर त्याचा अर्थ सांगायला कोश लागेल, आणि कोश वाचून आजवर कुणाची टाळी लागलेली नाही.