लाथ पंचांना, लागली कुस्तीला

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व पदाधिकारी,
महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ



हे पत्र देहूहून लिहितो आहे. इथून एका अंगाला चाकण आणि पुढे राजगुरुनगर, दुसऱ्या अंगाला मुळशी. २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या मॅट विभागाची अंतिम कुस्ती झाली, तेव्हा दोन्ही पैलवान आमच्याच जिल्ह्याचे होते. शिवराज राक्षे खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा, पृथ्वीराज मोहोळ मुळशीचा. पुढे काय झालं ते आपल्यासमोरच झालं. पंचांनी शिवराज चितपट झाल्याचं जाहीर केलं. आपली पाठ टेकलीच नव्हती, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच रात्री गदेच्या कुस्तीत पृथ्वीराजसमोर उतरलेल्या महेंद्र गायकवाडने गुणावरून वाद घातला आणि शेवटचे काही सेकंद उरले असताना मॅट सोडली. आपण दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली. गदा पृथ्वीराजला मिळाली, पण दुसऱ्या दिवशी चर्चा होती ती फक्त लाथेची.

चाकणच्या कारखान्यांच्या बसमध्ये सोलापूर, लातूर, बीड, कोल्हापूर असा सगळा महाराष्ट्र बसलेला असतो. प्रत्येकाचा पैलवान वेगळा. हंगाम जवळ आला की या बसमध्ये एक वाद हमखास पेटतो आणि तो थेट आपल्या कामाशी संबंधित आहे. एक बाजू म्हणते, "राडा झाला म्हणून तर कुस्ती गाजली. एरवी कोण बघतं? ज्यांना पट आणि ढाक यांतला फरक कळत नाही, त्यांनीही ती क्लिप दहादा पाहिली." दुसरी बाजू म्हणते, "अशाने तालमीची अब्रू जाते." मला वाटतं, पहिल्या बाजूला खोडून काढायचं तर नुसत्या संस्कारांच्या गप्पा पुरणार नाहीत. तिचं म्हणणं तपासून पाहावं लागेल.

हा वाद ज्या खेळाने सगळ्यांत जास्त घातला आहे, तो लाल मातीपासून फार लांबचा आहे: पूल आणि त्याचा थोरला भाऊ स्नूकर. तिथे अर्धशतक हाच प्रश्न विचारला जातोय की तोंडाळ, भांडकुदळ खेळाडू खेळाला वर आणतात की खाली ओढतात.

अॅलेक्स हिगिन्सपासून सुरुवात करू. बेलफास्टचा हा माणूस १९७२ आणि १९८२ असा दोनदा स्नूकरचा जगज्जेता झाला. टोपणनाव 'हरिकेन'. झरझर खेळायचा, दारू प्यायचा, भांडायचा आणि सभागृहं भरायचा. १९८६ मध्ये त्याने स्पर्धेच्या अधिकाऱ्याला डोक्याने टक्कर मारली. पाच स्पर्धांची बंदी आणि बारा हजार पौंड दंड झाला. तो परतला आणि १९८९ ची आयरिश मास्टर्स जिंकला. लगेच १९९० मध्ये पुन्हा हात उचलला आणि पुन्हा बंदी आली. २०१० मध्ये तो गेला तेव्हा हलाखीत होता. त्याच्यामुळे स्नूकर वाढलं, असं सांगणारे आजही पुष्कळ आहेत. पण ब्रिटनमध्ये स्नूकर घराघरांत गेलं ते मुख्यतः रंगीत टीव्हीमुळे. रंगीत चेंडू नव्या पडद्यावर शोभून दिसतील म्हणून बीबीसीने १९६९ मध्ये 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम सुरू केला. आणि सगळ्यांत मोठा प्रेक्षकवर्ग कोणाला मिळाला? १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्याला. स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर मध्यरात्र उलटून गेल्यावरही शेवटच्या काळ्या चेंडूसाठी झुंजत होते आणि एक कोटी पंच्याऐंशी लाख लोक जागे होते. यातल्या डेव्हिसला तर लोक कंटाळवाणा म्हणून चिडवत. शिवीगाळ नाही, हाणामारी नाही, तरी एवढे लोक झोपले नाहीत, कारण निकाल शेवटच्या चेंडूवर येऊन अडला होता.

पूलचंही तसंच. १९९६ मध्ये हाँगकाँगला अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलँड आणि फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस यांची एक लाख डॉलरची झुंज लागली. आधी १२० डाव जिंकेल त्याची रक्कम. स्ट्रिकलँड म्हणजे पंचांशी, प्रेक्षकांशी, कधी स्वतःशीही भांडणारा अफाट गुणी माणूस. रेयेस हसऱ्या चेहऱ्याचा, अबोल. रेयेस १२०-११७ ने जिंकला. पूलचे शौकीन आज तीस वर्षांनीही ती लढत आठवतात, पण जगभर ज्याच्यावर जीव टाकतात तो रेयेस. लोक त्याला 'जादूगार' म्हणतात, ते त्याने मारलेल्या अशक्य फटक्यांसाठी.

आता आपल्याकडे येऊ. भारताला कुठल्याही खेळातलं पहिलं वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवून दिलं ते पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी, १९५८ मध्ये, बिलियर्ड्समध्ये. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९८१ मध्ये पद्मश्री नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळालं होतं, मग जागतिक विजेत्याला कमी का, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. पुढे १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालंच. म्हणजे ताठ मानेने भांडणारा खेळाडू आपल्याला नवा नाही. पण त्या भांडणात कोणाच्या अंगाला हात लागला नाही, आणि मागणी स्वतःपुरती न राहता सगळ्या खेळाची झाली.

एवढं असूनही निगडी-आकुर्डीच्या पूल पार्लरमध्ये पोरगं जातं म्हटलं की आई-बापाच्या कपाळावर आठी पडते. सिनेमाने पार्लर म्हणजे टपोऱ्यांचा अड्डा करून ठेवला, आणि ते चित्र पुसायला त्या खेळाला फार जड जातंय. राडा गर्दी आणतो हे खरं. पण जी मुलं पुढे खेळ चालवणार, त्यांच्या घरचं दार तो बंद करतो. क्लिप पाहणारे तालमीत येत नाहीत. तालमीत पोरगं पाठवणारा बाप वेगळा असतो. दूध, तूप, बदाम यांचा खुराक पगारातून काढताना तो विचारतो, "तिथे माझं पोरगं काय शिकणार?" त्या रात्रीच्या क्लिपने त्याला जे उत्तर दिलं, ते आपल्याला परवडणारं नाही.

आणखी एक नुकसान आहे, त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. गावोगावच्या जत्रेत, तालुक्याच्या निवड चाचणीत शिट्टी घेऊन उभा राहणारा पंच बहुधा जुना पैलवान असतो किंवा शाळेतला क्रीडाशिक्षक. मानधन नावापुरतं. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत टांगेच्या डावाला चार गुण दिले गेले, त्यावरून वाद झाला आणि पंचांना फोनवर धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. त्यानंतर दोनच वर्षांत पंचांना लाथ बसली. उद्या भोसरीच्या किंवा मावळातल्या जत्रेत शिट्टी घ्यायला कोण पुढे येईल? पंचाशिवाय कुस्ती म्हणजे मारामारीच.

आता रंगाबद्दल, कारण कुस्ती बेरंग व्हावी असं मला मुळीच वाटत नाही. आम्ही तुकोबांच्या गावचे. सडेतोड बोलण्याचं आम्हाला वावडं नाही, उलट अभिमान आहे. कुस्तीत रंग मुळातच आहे: हलगीचा ठेका, फेटे, शड्डू, कोथळीच्या शंकर पुजारींसारख्या निवेदकाचा आवाज, प्रेक्षकांतून उसळणारी हाक. राजर्षी शाहूंनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात माणसं या सगळ्यासाठी येत आली. त्या कोथरूडच्या कुस्तीत सिकंदर हरला, पण त्यानंतर त्याच्या नावाचा जो गजर झाला तो विजेत्यालाही मिळाला नसेल. लोकांना तो अन्याय वाटला आणि तो पंचांच्या अंगावर धावून गेला नाही, दोन्ही गोष्टी त्याच्या बाजूने गेल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला त्याने शिवराजला काही सेकंदांत आस्मान दाखवलं आणि गदा घेतली. अन्यायाला आखाड्यातूनच उत्तर मिळालं. याहून चांगली कथा कुठला सिनेमावाला लिहील?

आणि २०२०ची बालेवाडी आठवा. हर्षवर्धन सदगीरने शैलेश शेळकेला हरवून गदा जिंकली. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. जिंकल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मैदानात मिरवलं. तो फोटोही घरोघरी पोचला होता. म्हणजे गाजायला राडाच लागतो असं नाही. फक्त तसे क्षण आपण जपत नाही, आणि लाथेची क्लिप मात्र दर हंगामाला कोणीतरी पुन्हा फिरवतो.

आता आपल्याकडे वळतो, कारण पत्र आपल्याला आहे. पैलवानाच्या डोक्यात राग भरतो तेव्हा त्यामागे बरेचदा व्यवस्था असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन संघटनांचे दोन महाराष्ट्र केसरी झाले: फुलगावला सिकंदर, धाराशिवला शिवराज. २०२५ मध्ये अहिल्यानगरनंतर दोन महिन्यांच्या आत त्याच जिल्ह्यात कर्जतला दुसऱ्या संघटनेची स्पर्धा झाली आणि वेताळ शेळके विजेता ठरला. २०२२ मध्ये साताऱ्यात जिंकलेल्या पृथ्वीराज पाटीलने गदेसोबत रोख रक्कम मिळाली नाही, असं जाहीरपणे सांगितलं होतं. एक गदा दोघांच्या खांद्यावर, बक्षिसाचा भरवसा नाही, निर्णयाबद्दल शंका घेतली तर दाद कुठे मागायची हे स्पष्ट नाही. अशा वेळी वर्षभर घाम गाळलेला पोरगा भडकला तर लाथेचं समर्थन होत नाही, पण त्याला त्या टोकाला नेणाऱ्यांची जबाबदारीही संपत नाही.

म्हणून चार मागण्या.

पहिली. विभागाच्या अंतिम कुस्तीपासून गदेच्या कुस्तीपर्यंत प्रत्येक कुस्तीत किमान तीन कोनांतून चित्रण असावं, आणि चितपटीचा निर्णयही रिप्ले पाहूनच जाहीर व्हावा. तोच रिप्ले मैदानातल्या पडद्यावर प्रेक्षकांनाही दिसावा. पाठ टेकली की नाही हे दहा हजार डोळ्यांनी एकत्र पाहिलं, तर वाद तिथेच संपतो.

दुसरी. वादग्रस्त निर्णयाचा लेखी, कारणांसह खुलासा आठवड्याच्या आत सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध व्हावा. पंच चुकला असेल तर तसं छापावं, आणि पैलवानाला लावलेली फूटपट्टी त्यालाही लावावी.

तिसरी, शिक्षेबद्दल. पैलवानाची ऐन उमेदीची वर्षं पाच-सहा. त्यातली तीन घरी बसवली तर त्याचं करिअरच संपतं. १९९६ मध्ये स्नूकरच्या रॉनी ओसलिव्हनने एका अधिकाऱ्यावर हात टाकला. त्याला वीस हजार पौंड दंड झाला आणि दोन वर्षांची बंदी डोक्यावर टांगती ठेवली गेली: पुन्हा चूक केलीस तर लागू. तो पुढे सात वेळा जगज्जेता झाला. पंचांवर हात उचलणाऱ्याला काही काळ प्रत्यक्ष बंदी असावीच. पण उरलेली टांगती ठेवा आणि त्या काळात त्याला तालुक्याच्या स्पर्धांत पंचांच्या टेबलावर बसवा. निर्णय देणं किती अवघड असतं, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

चौथी. दोन्ही संघटनांनी बसून एकच महाराष्ट्र केसरी करावी. १९६१ पासून चालत आलेल्या गदेचा मान तिच्या एकपणात आहे. कुस्ती चालू असताना मॅटवर पैलवान आणि पंच एवढेच असावेत, पुढाऱ्यांचे सत्कार कुस्त्या संपल्यावर व्हावेत.

पैलवानांनाही एक विनंती. शड्डू ठोका, गर्जना करा, जिंकल्यावर नाचा, पत्रकारांना रोखठोक उत्तरं द्या. आम्हाला ते सगळं हवं आहे. पण पंचाला हात लावू नका. हरलात तर पुढच्या वर्षी आखाड्यात उत्तर द्या. सिकंदरने दिलं आहे.

बसमधल्या त्या वादात मी दुसऱ्या बाजूला आहे, पण एका अटीवर. शिस्त पैलवानाकडून मागायची असेल तर ती आधी संघाने स्वतःच्या कारभारात आणली पाहिजे. पुढच्या हंगामाची तारीख जाहीर करण्याआधी या चार मागण्यांवरचा आपला निर्णय जाहीर करा, एवढीच विनंती.

आपला,
इंद्रायणीकाठचा एक कुस्तीप्रेमी
देहू, ता. हवेली, जि. पुणे