‘मानवी भांडवल’ आणि जमीनदाराचे तळे

एनसीईआरटीने 2006 साली इयत्ता नववीसाठी अर्थशास्त्राचे जे पाठ्यपुस्तक काढले, त्यात लोकांना ‘संसाधन’ मानणाऱ्या प्रकरणाची सुरुवात दोन मुलांच्या गोष्टीने होते. सकल आणि विलास हे सेमापूर गावचे मित्र. सकलला आईबापांनी शाळेत घातले. पुढे त्याने संगणकाचा अभ्यासक्रम पुरा केला, खासगी कंपनीत नोकरी मिळविली, एक नवे सॉफ्टवेअर तयार केले. त्यामुळे कंपनीची विक्री वाढली आणि साहेबाने खूश होऊन त्याला बढती दिली. विलासचा बाप तो लहान असतानाच वारला. आई गीता मासळी विकून कसाबसा संसार ओढी. विलासला संधिवाताने गाठले. दवाखाना परवडला नाही, शाळाही घडली नाही, आणि अखेर तोही आईसारखा मासळीच विकू लागला. धड्याचा बोध असा की सकलमध्ये ‘गुंतवणूक’ झाली, विलासमध्ये झाली नाही. शिक्षण म्हणजे भांडवल, कमाई म्हणजे त्यावरचा परतावा. वर्षामागून वर्षे देशभरच्या मुलांना परीक्षेत हेच उत्तर लिहावे लागले.

पण याच गोष्टीत जाता जाता एक वाक्य येऊन गेले आहे आणि धडा त्यापाशी क्षणभरही थांबत नाही. गीता मासळी विकत घेई ती जमीनदाराच्या तळ्यातून. तळे गावात, मासळी बाजारापर्यंत वाहून नेण्याचे कष्ट गीताचे, आणि मालकी मात्र जमीनदाराची! ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण मराठी मुलांना पाठ असते. येथे तळे राखणारा कोण आणि पाणी चाखणारा कोण, एवढा साधा प्रश्न विचारला असता तर सारा धडाच उलटला असता. विलासचे दारिद्र्य शाळेच्या अभावातून जन्मले नाही. शाळेचा अभावच दारिद्र्यातून जन्मला, आणि ते दारिद्र्य तळ्याच्या मालकीतून. पाठ्यपुस्तकाने परिणामाला कारण बनविले आणि कारणाला गोष्टीतील निसर्गवर्णनाची जागा दिली.

ही मखलाशी पाठ्यपुस्तककारांची स्वतःची नव्हे. ती आयात केलेली आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी 1960 साली अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून सांगितले की कामगार आता भांडवलदार झाले आहेत. कंपन्यांचे भाग त्यांच्या हाती आले म्हणून नव्हे, तर ज्ञान आणि कौशल्य त्यांनी मिळविले म्हणून. गॅरी बेकर यांनी 1964 साली या विचाराचा ग्रंथ रचला. शुल्ट्झ यांना 1979 साली आणि बेकर यांना 1992 साली नोबेल पारितोषिक मिळाले. कारखान्याचा मालक भांडवलदार आणि त्याच्या यंत्रावर राबणाराही भांडवलदार. मग वर्ग कुठे उरले आणि पिळवणूक तरी कोणाची व्हायची! एका शब्दाच्या हातचलाखीने शतकभराचा वाद मिटल्याचे जाहीर करण्यात आले.

वास्तविक या कल्पनेची संभावना मार्क्सने तिच्या जन्माआधीच करून ठेवली होती. 1894 साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात, वेतन म्हणजे जणू व्याज आणि श्रमशक्ती म्हणजे ते व्याज देणारे भांडवल, असे मानणाऱ्यांचा तो समाचार घेतो. हे ‘व्याज’ मिळविण्यासाठी कामगाराला रोज राबावे लागते, आणि हे ‘भांडवल’ तो दुसऱ्याच्या नावे करून रोकड पदरात पाडून घेऊ शकत नाही, हे दोन आक्षेप त्या कल्पनेची वासलात लावण्यास पुरेसे आहेत. टाटांचे भाग बाळगणारा आजारी पडला तरी त्याचा लाभांश थांबत नाही. पदवीधर कामगार आजारी पडला की बिनपगारी रजा सुरू होते.

सकलच्या सॉफ्टवेअरचेच पाहावे. त्याच्या श्रमाने कंपनीची विक्री वाढली. विद्या जर त्याचे भांडवल असेल, तर या वाढीवर त्याचा हक्क हवा. प्रत्यक्षात वाढ मालकाच्या तिजोरीत गेली आणि सकलला मिळाली साहेबाची मर्जी. ज्याचा नफा दुसऱ्याच्या खिशात जातो, त्या वस्तूच्या धन्याला भांडवलदार म्हणणे म्हणजे बैलाला नांगराचा भागीदार म्हणण्यासारखे आहे. येथे जे घडले त्याला वरकड मूल्य असे नाव आहे. नववीच्या मुलाला ते समजण्यास कठीण नाही, परंतु पुस्तकात ते छापले जात नाही.

याच प्रकरणात स्त्रियांच्या वेतनाचीही अशीच वासलात लावली आहे. कमाई ठरते ती शिक्षण आणि कौशल्य यांवरून. बहुसंख्य स्त्रियांपाशी दोन्ही कमी, म्हणून त्यांना वेतन कमी. उच्चशिक्षित स्त्रियांना मात्र पुरुषांइतकेच मिळते, असे तेथे सांगितले आहे. कारण जर शिक्षणातच असते, तर एकाच कामासाठी बाईला कमी आणि पुरुषाला जास्त देण्यास मनाई करणारा समान वेतनाचा कायदा 1976 साली करावा लागला नसता. आणि अंगणवाडीसेविकांचे काय? एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. बालकांचे पोषण, आरोग्य, शाळापूर्व शिक्षण, म्हणजे सरकारच्याच भाषेत मानवी भांडवलाची पायाभरणी, या स्त्रिया करतात. त्यांना वेतन नाही, ‘मानधन’ आहे. 2018 साली केंद्राने सेविकेचे मानधन 3,000 वरून 4,500 रुपये आणि मदतनिसाचे 1,500 वरून 2,250 रुपये केले. उपदान मिळण्याचा त्यांचा हक्क मान्य होण्यासाठी 2022 साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला. देशाचे भांडवल घडविणाऱ्या हातांना कामगार म्हणून मान्यता देण्याची मात्र दिल्लीची तयारी नाही.

कोणी म्हणेल, हा पाठ्यपुस्तकातील शब्दाचा वाद आहे. चळवळीने त्यात कशाला वेळ घालवावा? वेळ यासाठी घालवावा की या शब्दावर कायदे उभे आहेत. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या 18व्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. आरोग्य आणि सुरक्षिततेच्या तरतुदी वगळता कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनेही त्याला आपल्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. तो काम करीत नाही, तो ‘गुंतवणूक’ करतो आहे, असे एकदा मानले की त्याचे वेतन बुडविणे हे उपकारात जमा होते! 2024 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 500 बड्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना उमेदवारी देण्याची योजना जाहीर झाली. महिन्याचे 5,000 रुपये ठरले. त्यांपैकी 4,500 सरकारचे आणि कंपनीचे 500. उमेदवाराच्या श्रमाचे फळ कंपनीचे, बिल जनतेचे.

महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यास 6,000, आयटीआय वा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये विद्यावेतन. शिक्षणाच्या प्रमाणात परतावा, हे सूत्र येथे शासननिर्णयात उतरलेले दिसते. परंतु सहा महिन्यांची मुदत, तीवर पाच महिन्यांची वाढ, आणि मग घरी! नोकरीत कायम करण्याची मागणी घेऊन हे तरुण आंदोलनात उतरले. जे काम ते सरकारी कार्यालयांतून करीत होते, त्याची गरज मुदतीबरोबर संपली नव्हती.

या सिद्धांताचा दुसरा उपयोग फी वाढविण्यासाठी होतो. शिक्षण ही विद्यार्थ्याची गुंतवणूक असेल, तर तिचा खर्चही त्यानेच सोसावा, हे ओघानेच आले. मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला यांनी एप्रिल 2000 मध्ये पंतप्रधानांच्या व्यापार व उद्योग मंडळाला जो अहवाल दिला, त्यात उच्च शिक्षणासाठी ‘जो वापरील तो मोजील’ हे तत्त्व कडकपणे लागू करण्याची आणि त्यासोबत कर्जयोजनांची शिफारस होती. शेत गहाण टाकून पदवी घ्यावी आणि पुढे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या 2024 च्या अहवालानुसार, 2022 साली तरुण पदवीधरांत बेकारीचे प्रमाण 29.1 टक्के होते, तर लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. निरक्षर सुखी आहे असा याचा अर्थ नव्हे. उपाशी पोटी त्याला बेकार राहणे परवडत नाही, मिळेल त्या मजुरीवर तो जातो. पण कौशल्य वाढविले की रोजगार आपोआप येतो, या दाव्याचे पितळ या दोन आकड्यांनी उघडे पाडले आहे. काम मालकाच्या नफ्याच्या हिशेबाने निघते, उमेदवाराच्या प्रमाणपत्राने नव्हे.

मग शिकलेल्या कामगाराला जास्त वेतन मिळते, हे खोटे काय? खोटे नाही. कुशल श्रमशक्ती घडविण्यास अधिक खर्च लागतो आणि तो तिच्या मूल्यात धरावाच लागतो. शिक्षण हा वेतनाचा घटक आहे. भारतीय कामगारवर्गाने हे तत्त्व पुस्तकातून नव्हे, लढून मान्य करविले आहे. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरविले: एका मिळवत्यामागे तीन माणसांचा उपभोग, प्रौढ माणसाला 2,700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाकाठी 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी 20 टक्के. रेप्टाकोस ब्रेट खटल्यात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरावयास सांगितले. म्हणजे विलासची शाळा आणि विलासच्या संधिवाताचे औषध हे त्याच्या आईच्या रोजच्या कमाईत बसले पाहिजे होते. ते बसले नाही, म्हणून तो मासळी विकतो.

शाळेचा पैसा मुळात येतो कोठून, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडला होता. सरकारी महसूल रयतेच्या घामाचा आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, ही त्यांची तक्रार होती. रयतेच्या मुलांना शिक्षण मिळाले पाहिजे, हे त्यांचे मागणे हक्काचे होते.

पक्षाचे जे सभासद शाळा-महाविद्यालयांत शिकवितात, त्यांनी असा धडा टाळू नये. सकल आणि विलास यांची गोष्ट वर्गात जरूर वाचावी. मग 1957 चे माप फळ्यावर लिहून, त्यात 25 टक्के मिळवून, आजच्या बाजारभावाने गीताची रोजची कमाई किती असावयास हवी, याचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. तो झाला की विचारावे, जमीनदाराने तिला मासळी कोणत्या भावाने दिली? तो भाव पुस्तकात दिलेला नाही.