प्रत्येक जुना रोडरोलर 'ब्रिटिशकालीन' नसतो

१/ तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीच्या यात्रेला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्याचे वय तेथे विकणाऱ्याच्या शब्दावर ठरत नाही. जबडा उघडून दात पाहिले जातात, अंगावरचे भोवरे तपासले जातात. सरकारी आवारात गंजत उभ्या असलेल्या वाफेच्या रोडरोलरच्या वाट्याला मात्र ही चिकित्सा येत नाही. उंच धुराडे दिसले की निकाल ठरलेला: 'ब्रिटिशकालीन'.

२/ हा निकाल आळशी आहे आणि कधी कधी चक्क खोटा. टाटांची टेल्को ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली. १९४८ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर, तिने इंग्लंडच्या मार्शल कंपनीच्या सहकार्याने वाफेचा रोडरोलर आणला. तंत्र इंग्रजी, पण हात जमशेदपूरचे. अशा यंत्राला 'इंग्रजांनी मागे ठेवलेले' म्हणणे म्हणजे स्वतंत्र भारतातील कामगारांचे श्रम परक्यांच्या खात्यावर जमा करणे होय.

३/ दुसरा घोटाळा पितळी घोड्याचा. काही रोलरांच्या तोंडाशी, पुढच्या रुळाच्या वर, मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा दिसतो. त्याचा संबंध ना यात्रेशी, ना मराठ्यांच्या घोडदळाशी. तो इंग्लंडमधील केंट परगण्याचा घोडा. सोबतच्या 'इन्व्हिक्टा' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'अजिंक्य'. थॉमस अ‍ॅव्हलिंग आणि रिचर्ड पोर्टर यांची भागीदारी १८६२ मध्ये याच परगण्यातील रोचेस्टर येथे सुरू झाली.

४/ घोडा पाहून थांबणेही पुरेसे नाही. १९३४ मध्ये ही कंपनी बारफर्ड अँड पर्किन्सशी एकत्र येऊन 'अ‍ॅव्हलिंग-बारफर्ड' झाली. म्हणून पाटीवर 'पोर्टर' आहे की 'बारफर्ड', यावरून काळाचा पहिला अंदाज बांधता येतो. गावाचे नावही साक्ष देते: रोचेस्टर असेल तर अ‍ॅव्हलिंग, गेन्सबरो असेल तर मार्शल, लीड्स असेल तर फाउलर.

५/ खात्याने रंगवलेला क्रमांक हा कारखान्याचा क्रमांक नव्हे. तो पाटीवर, आणि पुष्कळदा यंत्राच्या सुट्या भागांवरही ठोकलेला असतो. रंगाचे थर खरवडू नयेत. तिरप्या उजेडात छायाचित्र घेतले तर बुजलेली अक्षरे उठून दिसतात.

६/ 'भंगाराला कसला इतिहास?' असे विचारणाऱ्यांना उत्तर सोपे आहे. शिलालेख पुसला तर उरतो तो नुसता दगड. पाटी गेली तर उरते ते नुसते लोखंड. पितळेला भाव असतो, त्यामुळे नाहीशी होते ती बहुधा पाटीच. लिलाव झाल्यावर हळहळण्यापेक्षा त्याआधी नाव, गाव आणि क्रमांक टिपून ठेवणे, हे इतिहासप्रेमींचे खरे काम आहे. घोड्याचे दात मोजणाऱ्या मुलखाला यंत्राची पाटी वाचणे जड जाऊ नये.