‘पी-१६ पॉझिटिव्ह’: रिपोर्ट गाठीचा आहे, चारित्र्याचा नाही

टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला की बायोप्सीच्या रिपोर्टवर हल्ली ‘पी-१६’ची एक ओळ असते. घरातलं कुणीतरी ती मोबाईलवर शोधतं, ‘एचपीव्ही’ सापडतो, हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो हे कळतं. मग उपचार राहतात बाजूला आणि मियाँ-बीवीत संशय सुरू होतो. म्हणून या ओळीचा अर्थ आपण नीट समजून घ्यायला हवा.

पी-१६ हे पेशींच्या वाढीला आवर घालणारं आपल्याच शरीरातलं प्रथिन. एचपीव्ही पेशीमधला वाढीचा ब्रेक निकामी करतो, तेव्हा हे प्रथिन भरमसाट साठतं. तपासणीत गाठीच्या ७० टक्के किंवा जास्त पेशी गडद रंगल्या तर रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’. म्हणजे इथे विषाणू दिसलेला नसतो, त्याची खूण दिसलेली असते. आणि विषाणू नसतानाही ही खूण कधीकधी उमटते. विषाणू असला तरी तो शरीरात कधी आणि कुणाकडून आला, हे ही तपासणी सांगत नाही. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत दशकं जाऊ शकतात, कदाचित निकाहच्याही आधीची. एवढ्यावरून जोडीदारावर बोट ठेवणं ही निव्वळ बदगुमानी.

उलट बातमी बरीचशी दिलाशाची आहे. असा कॅन्सर रेडिएशन-केमोला चांगली दाद देतो, म्हणून त्याच्या स्टेजही आता वेगळ्या मोजतात. पण बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा फायदा कमी होतो. आणि ‘पॉझिटिव्ह चांगलं असतं’ म्हणून उपचार मध्येच सोडायचे नाहीत: केमोचं औषध बदलून त्रास कमी करायचा प्रयत्न परदेशात झाला, त्यात रुग्ण जास्त दगावले. गालाच्या किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये तर या ओळीला एवढं वजनच नाही.

आपल्याकडे या कॅन्सरांमागे मुख्य हात तंबाखू-सुपारीचाच. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी मशिदीच्या गल्लीतल्या टपरीवरही पुडी मिळते, आणि त्यावर आमच्या मोहल्ल्यात कुणी संशय घेत नाही!

एचपीव्ही-१६ विरुद्ध लस आहे, पुण्याच्या सीरमची ‘सर्वावॅक’ही त्यातलीच. लसीने मूल होत नाही, ही व्हॉट्सॲपची अफवा. मानेत न दुखणारी गाठ तीन आठवडे राहिली, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, मार्करचं पुढचं पुढे.